कॅमेरा, कुर्ता आणि अमानत

गेल्या काही वर्षांत ओळखीच्या घरांतून आम्हाला एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. ‘मुलीला फोटोग्राफी शिकायची आहे, कोणता कॅमेरा घेऊन द्यावा?’ आमचे उत्तर ठरलेले असते. कॅमेरा सहा महिने थांबू शकतो. आधी तिला कपडे शिवणाऱ्या बाईंकडे न्या आणि भरपूर खिसे असलेला एक साधा सुती जोड शिवून घ्या. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते. पण कॅमेरा निवडताना आम्ही जेवढ्या चुका केल्या, त्याहून जास्त कपडे निवडताना केल्या, आणि त्यांची किंमत आम्ही एकट्यांनी नाही, दुसऱ्यांच्या घरच्या लग्नांनीही मोजली.

आम्ही दोघी नणंद-भावजय. मिरजेत राहतो आणि सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी या भागातल्या मुस्लिम लग्नांत बायकांच्या बाजूचे फोटो काढतो. पुरुषांची बाजू आमच्यातल्या एकीचा भाऊ आणि दुसरीचा शौहर सांभाळतो. माणूस अर्थातच एकच! छायाचित्राबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे आम्हाला माहीत आहे. ज्या घरांना फोटो नको असतात त्यांना आम्ही कधी आग्रह केलेला नाही. ज्यांनी आपापल्या घरी विचार करून ठरवले आहे, त्यांच्याकडेच आम्ही जातो. अशा घरांची मात्र एक अट असते. बायकांच्या दालनात कॅमेरा बाईच्याच हातात हवा, आणि फोटो घराबाहेर जाता कामा नयेत. आमचा धंदा या दोन अटींवर उभा आहे.

पहिल्या लग्नाची आठवण काढली की आजही आम्हाला हसू येते, आणि थोडी लाजही वाटते. लग्न बिरादरीतलेच होते. आम्ही फोटो काढायलाही जाणार होतो आणि आमंत्रितही होतो. त्यामुळे दोघी नटूनथटून गेलो. एकीने टिकल्या लावलेला नारंगी कुर्ता घातला होता, दुसरीने शिफॉनची लांब ओढणी घेतली होती. हातभर काचेच्या बांगड्या, पायांत उंच टाचांच्या चपला. घरातून निघताना अम्मींनी दोघींची नजरसुद्धा काढली.

त्या दिवशी काय काय झाले ते सांगतो. निम्म्या बायकांना आम्ही पाहुण्याच वाटलो. कुणी शरबताचा ग्लास हातात दिला, कुणी मांडीवर मूल दिले. एका फुफींनी तर आमचा हात धरून आम्हालाच फोटोसाठी मधे उभे केले. दुआच्या वेळी आम्ही व्हिडिओ घेत होतो. घरी येऊन ऐकला तर दुआपेक्षा बांगड्यांची किणकिण जास्त ऐकू येत होती. शिफॉनची ओढणी दिव्याच्या स्टँडला अडकली आणि स्टँड आडवा झाला. अल्लाहच्या कृपेने तो गादीवर पडला. तिथून एका हाताच्या अंतरावर तीन महिन्यांचे बाळ झोपले होते. त्या रात्री आम्हा दोघींना झोप लागली नाही.

सगळ्यात मोठी चूक नंतर कळली. आमच्याकडे जलव्याच्या वेळी नवरा-नवरीच्या मधे आरसा धरतात आणि नवरदेव आरशात नवरीचा चेहरा पाहतो. अख्ख्या लग्नातला हा फोटो घरचे सगळ्यात जास्त जपतात. आम्ही तो काढला, नवरीचा चेहरा आरशात छानही आला. पण तिच्या गालाशेजारी, आरशाच्या अर्ध्या भागात, नारंगी कुर्ता आणि त्यावरच्या टिकल्या फ्लॅशच्या उजेडात लखलखत होत्या. नवरीच्या आईने फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, “ही मधे कोण आहे?”

त्या प्रश्नानंतर आम्ही कपड्यांचा नव्याने विचार करू लागलो.

पहिली गोष्ट रंगाची. भडक रंगाचा कपडा घालून आपण कुणाच्या अगदी जवळ उभे राहिलो, तर उजेड त्या कपड्यावर आदळून समोरच्या चेहऱ्यावर जातो आणि रंगही सोबत नेतो. हिरव्या भिंतीच्या खोलीत फ्लॅश भिंतीवर मारला की माणसे आजारी दिसतात, ते याच कारणाने. नारंगी कुर्ता हीसुद्धा एक चालती-फिरती भिंतच. म्हणून स्टुडिओत चकचकीत वस्तूंचे फोटो काढणारे लोक काळे किंवा राखाडी कपडे घालतात. आम्हीही काळ्यावर आलो होतो. पण एका लग्नात नवरीच्या दादींनी स्पष्ट सांगितले, “खुशीच्या घरात दोघी दोघी काळ्या कपड्यांत कशाला फिरता?” दीनमध्ये काळ्या रंगाला काही मनाई नाही, हे त्यांनाही माहीत होते. पण ज्या घरात जायचे त्या घराचे मन राखावे लागते. तेव्हापासून आमचा रंग गडद राखाडी. तो आरशात दिसत नाही, चेहऱ्यावर रंग टाकत नाही आणि कुणाच्या डोळ्यांत खुपतही नाही.

दुसरी गोष्ट कापडाची. बाजारात तयार मिळणारे बहुतेक अबाये निदा किंवा तशाच पॉलिएस्टर कापडाचे असतात. ते पडतात छान, चुरगळत नाहीत, पण घाम शोषत नाहीत. मे महिन्यात पत्र्याच्या मांडवात दहा-बारा तास उभे राहायचे, वर वजन खांद्यावर, त्यात पॉलिएस्टर घातले तर दुपारीच चक्कर येते. आम्ही जाडसर सुती कापड घेतो. शिवण्याआधी ते दोनदा धुऊन घेतो, म्हणजे नंतर आटत नाही. घेर मोठा ठेवतो, कारण मुलांचे फोटो काढायला जमिनीवर बसावे लागते, मेंदीच्या हातांचे फोटो काढायला गुडघ्यांवर यावे लागते. लांबी घोट्याच्या थोडी वर. स्टेजच्या पायऱ्यांवर एकदा पाय अडकला की माणसाआधी लेन्स जमिनीवर पोचते.

बाह्या पूर्ण, पण मनगटाला बटण. सैल बाही लेन्ससमोर येते आणि जेवणाच्या टेबलाशी सालनमध्ये बुडते. बटण असले की वजूच्या वेळी बाही कोपराच्या वर सहज सरकते. लग्नाच्या दिवशी असर आणि मगरिबची वेळ नेमकी रुखसतच्या धांदलीत येते. आम्ही दोघी असल्यामुळे एक नमाज पढते तेव्हा दुसरी कॅमेरा सांभाळते. वजू करून आलेल्या ओल्या हातांनी कॅमेरा धरायचा नाही, हा आमचा नियम. त्यासाठी प्रत्येकीच्या खिशात एक छोटा पंचा असतो.

हिजाबसाठी शिफॉन आम्ही कायमचे बंद केले. होजिअरीचे कापड घसरत नाही आणि त्याला ढीगभर टाचण्याही लागत नाहीत. टाचणी गालाजवळ असली की कॅमेरा डोळ्याला लावताना मागच्या पडद्यावर चरा पडतो, हे आम्ही एका नव्या पडद्यावर शिकलो. आमच्याबरोबर कधी कधी एक मैत्रीण नकाब घालून काम करते. तिचा त्रास वेगळा. श्वासाने व्ह्यूफाइंडरवर वाफ धरते. तिच्यासाठी बाहेर वळणाऱ्या पडद्याचा कॅमेरा उपयोगी पडला. तो छातीशी धरून, वरून पाहून ती फोटो काढते. समोरच्या बायकांनाही ते बरे वाटते, कारण तोंडासमोर कॅमेरा नसला की माणूस मोकळेपणाने बोलते.

पायांत बिनलेसचे, रबरी तळव्याचे, टाच नसलेले बूट. जनान्यात गादी-सतरंजी असते, दर थोड्या वेळाने चपला काढाव्या लागतात. लेस बांधत बसलो तर तेवढ्यात नवरीची खाला तिला मिठी मारून मोकळी होते.

मग राहिला पट्ट्यांचा प्रश्न. दोन कॅमेरे घेऊन काम करणारे लोक खांद्यांवरून जाणारे चामड्याचे पट्टे वापरतात. पाठीला ते चांगले, पण छातीवर कपडा आवळून बसतो. आम्हाला ते अवघड वाटायचे, आणि काही घरच्या बुजुर्ग बायकांनाही ते आवडले नव्हते. यावर तोडगा आम्हाला कोणत्या फोटोग्राफरने नाही, आमच्या कपडे शिवणाऱ्या खालांनी दिला. पट्टे कुर्त्यावर बांधायचे आणि त्यावर समोरून उघडी, सैल, बिनबाह्यांची कोटी घालायची. कॅमेरे कंबरेशी कोटीखाली लटकतात, पट्टा दिसत नाही, अंगही झाकलेले राहते. कोटीला त्यांनी सहा खिसे दिले. उजव्या खिशात भरलेल्या बॅटऱ्या, डाव्या खिशात संपलेल्या. हे कधी उलटे करायचे नाही. आतल्या बाजूला, अंगाला लागून, चेनचा एक खिसा आहे. त्यात फक्त मेमरी कार्डे. लग्न संपून घरी पोचेपर्यंत ती कोटी आम्ही अंगावरून उतरवत नाही.

लोकांना वाटते की पूर्ण अंग झाकून हे काम करणे म्हणजे अडचण. आमचा अनुभव असा की अडचण कपड्याच्या लांबीची नसते, शिवणीची असते. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईत शिकल्या आणि दिल्लीत त्यांनी आयुष्यभराचे काम केले. त्या काळचे जड कॅमेरे घेऊन, साडी नेसून त्या मोठमोठ्या सरकारी समारंभांत वावरल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. बांगलादेशातल्या सईदा खानम या तिथल्या पहिल्या व्यावसायिक महिला छायाचित्रकार. त्यांनी १९५६ पासून ‘बेगम’ या स्त्रियांच्या बंगाली नियतकालिकासाठी फोटो काढले आणि पुढे सत्यजित राय यांचीही छायाचित्रे घेतली. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर हैदराबादचे. राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये तिथे खास पर्दानशीन स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ सुरू केला आणि तो एका इंग्रज बाईंच्या ताब्यात दिला. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीही दख्खनमधल्या घरांची हीच अट होती, आणि एका हुशार व्यावसायिकाने ती अडथळा न मानता तिच्यातून काम उभे केले.

आता कॅमेऱ्याकडे येऊ.

सुरुवातीला आम्हालाही मोठ्या लेन्सचा मोह होता. ७०-२०० ची झूम लेन्स आम्ही भाड्याने आणायचो. नुसती लेन्सच दीड किलोच्या आसपास, कॅमेरा धरून सव्वादोन किलोच्या पुढे. दुसऱ्या दिवशी मनगट वळायचे नाही. त्याहून वाईट म्हणजे एवढी लेन्स पाहिली की दालनातल्या बायका पदर सावरून ताठ बसायच्या. हसता हसता गप्प व्हायच्या. आता आमचे निम्म्याहून अधिक काम ३५ मिलिमीटरच्या छोट्या लेन्सवर होते. तिचे वजन सुमारे ३०५ ग्रॅम. चेहऱ्यांसाठी ८५ मिलिमीटरची, ती साडेतीनशे ग्रॅमची. दोन्हींचे अ‍ॅपर्चर १.८ पर्यंत उघडते, त्यामुळे कमी उजेडातही भागते. छोट्या लेन्सला जवळ जावे लागते, हे खरे. पण जनान्यात आम्हाला जवळ जाण्याची मुभा आहे. ती मुभा असताना लांबून दुर्बीण लावल्यासारखे फोटो कशाला काढायचे?

उजेडाबद्दल एक-दोन गोष्टी नव्या मुलींनी लक्षात ठेवाव्यात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण शटर खूप वेगवान ठेवले तर फोटोत आडवे पट्टे येतात. शादी हॉलच्या एलईडी माळांखाली आम्ही शटर शक्यतो १/१०० वर ठेवतो. फ्लॅश थेट चेहऱ्यावर मारला तर जरीचा लाल शालू पांढरा पडतो. पांढऱ्या छतावर मारला तर उजेड मऊ होऊन खाली येतो. छत रंगीत असेल तर फ्लॅश बंद केलेला बरा. आणि स्टँड! त्या बाळाच्या आठवणीने आम्ही जुन्या जीन्सचे पाय कापून, दोन्ही तोंडे शिवून, वाळूच्या पिशव्या केल्या आहेत. प्रत्येक स्टँडच्या पायावर एक पिशवी बसल्याशिवाय त्यावर दिवा चढत नाही.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती सांगायला आम्हाला आजही जड जाते.

आमचा पहिला कॅमेरा हौशी माणसांसाठी केलेला होता. त्यात कार्डाला एकच जागा होती. फोटो चांगले यायचे, म्हणून आम्ही त्याच्यावर खूश होतो. एका लग्नात नवरीच्या नानी व्हीलचेअरवर बसून आल्या होत्या. रुखसतच्या वेळी नवरी त्यांच्या पायाशी बसली. नानींनी थरथरता हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. दालनातली प्रत्येक बाई रडत होती. आम्हीही रडत रडतच फोटो काढले. रात्री घरी येऊन कार्ड संगणकाला लावले, तर पडद्यावर एकच ओळ. कार्ड फॉरमॅट करा.

आम्ही ते केले नाही, एवढे शहाणपण होते. अशा वेळी फॉरमॅट करू नये आणि त्या कार्डावर पुन्हा एकही फोटो काढू नये, नाहीतर आत जे शिल्लक असते तेही पुसले जाते. घरच्या संगणकावर हरवलेले फोटो शोधणारे सॉफ्टवेअर चालवले. मेंदीचे थोडे फोटो परत आले. रुखसतचा एकही आला नाही.

शहरात असे कार्ड दुरुस्त करून देणारी दुकाने असतात. भावाने एका दुकानात चौकशी केली. तिथला माणूस म्हणाला, कार्ड ठेवून जा, दोन दिवसांनी सांगतो. आम्ही कार्ड घेऊन घराच्या दारापर्यंत आलो आणि थांबलो. त्या कार्डात नुसती नवरी नव्हती. त्या दालनातल्या चाळीस-पन्नास बायका होत्या. कुणी बुरखा उतरवून बसली होती, कुणी केस मोकळे सोडून मेंदी काढून घेत होती. आमच्यावर भरवसा ठेवून त्या तशा बसल्या होत्या. ते कार्ड अनोळखी दुकानात दोन दिवस ठेवण्याचा हक्क आम्हाला होता का? आणि ते न देता, फोटो गेलेच असे परस्पर ठरवण्याचा तरी हक्क होता का?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नवरीच्या घरी गेलो. तिच्या आईसमोर बसलो आणि काय झाले ते सगळे सांगितले. दुकानाचेही सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “नको. दुसऱ्यांच्या लेकीसुना आहेत त्यात. गेले तर गेले.” आम्ही घेतलेले सगळे पैसे परत त्यांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी ते घेतले. तो हिशेब तसाच व्हायला हवा होता. चार महिन्यांनी त्या नानी अल्लाहला प्यारी झाल्याचे कळले. त्यांचा नातीच्या डोक्यावरचा हात आता कुणालाच पाहायला मिळणार नव्हता.

त्या महिन्यात आम्ही दोघींनी एकेक सोन्याची बांगडी मोडली आणि निकॉनचा डी ७५० वापरलेला विकत घेतला. हा कॅमेरा २०१४ सालचा. काही जणांनी सांगितले की त्या पैशांत याहून नवीन कॅमेरा येतो. आम्ही एवढेच पाहिले की यात एसडी कार्डांच्या दोन जागा आहेत आणि प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर लिहिला जातो. पुढे निकॉनचाच झेड ६ टू घेतला. तो २०२० मध्ये आला. आधीच्या झेड ६ मध्ये एकच कार्ड बसायचे, म्हणून मन होऊनही तो आम्ही घेतला नव्हता. एकाच कंपनीचा घेतल्यामुळे जुन्या लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून चालतात. नव्याचे वजन बॅटरीसकट सातशे ग्रॅमच्या आसपास, जुन्याचे ८४० ग्रॅम. नवा बॅटरी मात्र खूप खातो. कंपनीच्या मोजणीनुसार डी ७५० एका बॅटरीत १२३० फोटो काढतो आणि झेड ६ टू व्ह्यूफाइंडरवर ३४०. म्हणून आमच्या कोटीचे खिसे सहाचे आठ झाले. कॅमेरा बदलला की कपडाही बदलतो, तो असा.

नव्या कॅमेऱ्याचा मोठा फायदा म्हणजे तो अजिबात आवाज न करता फोटो काढू शकतो. निकाह मशिदीत असेल तेव्हा हा कॅमेरा भाऊ नेतो. खुतबा चालू असताना खट्‌खट् आवाज झाला तर पहिल्या सफेतल्या बुजुर्गांची मान वळते आणि पुढच्या वेळी मशिदीचे दार बंद होते. तो आधी इमाम साहेबांची परवानगी घेतो, स्वच्छ मोजे घालतो, फ्लॅश गाडीतच ठेवतो. दुआला हात उठले की कॅमेरा मांडीवर ठेवून स्वतःही हात उठवतो. आवाज बंद ठेवल्यावर एलईडीचे पट्टे जास्त येण्याची भीती असते, म्हणून पहिले दोन-चार फोटो तपासून घ्यावे लागतात.

दोन कार्डांनी फोटो वाचतात, पण अमानत वाचत नाही. ती आपल्याला सांभाळावी लागते. बहुतेक फोटोग्राफर लग्नाचे फोटो निवडायला आणि नीटनेटके करायला बाहेर देतात. आम्हाला ते चालणार नव्हते, म्हणून आम्ही दोघी संगणकावरचे ते काम शिकलो. पहिला अल्बम करायला आम्हाला दोन महिने लागले होते. छपाई घरी होत नाही, त्यासाठी बाहेर जावेच लागते. तिथे आमच्यापैकी एक जण छपाई संपेपर्यंत बसते आणि फाइली पुसल्याची खात्री करूनच उठते. कॅमेऱ्याचे वायफाय आम्ही बंद ठेवतो. घरी फोटोंच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर असतात, दोन्हींना पासवर्ड. अल्बम दिल्यावर किती दिवसांनी त्या पुसायच्या, हे नवरीलाच विचारतो.

एका लग्नात नवरीचा चुलतभाऊ पेनड्राइव्ह घेऊन आला. “आपा, सगळे फोटो यात टाका, ग्रुपवर टाकतो.” मुलगा वाईट नव्हता, खुशीत होता. आम्ही सांगितले की फोटो फक्त नवरीच्या आणि तिच्या अम्मींच्या हाती देऊ. तो रागावला. त्याच्या घरी पुढे दोन लग्ने झाली, आम्हाला बोलावणे आले नाही. नुकसान झाले. पण उलट केले असते तर नुकसान कुणाचे झाले असते, याचा विचार केला की मन शांत होते.

आणि आता त्या नानींच्या घरची गोष्ट. दोन वर्षांनी त्याच बाईंचा फोन आला. धाकट्या मुलीचे लग्न ठरले होते. आम्हाला वाटले, जुन्या गोष्टीबद्दल काही बोलायचे असेल. त्या म्हणाल्या, “तारीख लिहून घ्या.” आम्ही न राहवून विचारले, आम्हालाच का? त्या म्हणाल्या, “तेव्हा तुम्ही कार्ड गुपचूप दुकानात दिलं असतं आणि फोटो परत आणले असते, तर मी खूश झाले असते. मला कळलंही नसतं. तुम्ही विचारायला आलात.”

त्या लग्नाला आम्ही राखाडी कुर्ते, कोटी, आठ खिसे अशा तयारीने गेलो. दोन कॅमेरे, प्रत्येकात दोन कार्डे. स्टँडला वाळूच्या पिशव्या. असरची नमाज एकीने आधी पढली, दुसरीने नंतर. जलव्याच्या वेळी आरसा आला तेव्हा छोटी लेन्स घेऊन आम्ही नवरीच्या खांद्यामागे बसलो. अल्बम पोचवला त्या दिवशी त्या बाईंनी आरशाच्या फोटोवर बोट फिरवले. आरशात नवरी होती आणि मागे अंधार.

“तुम्ही तर इथेच बसला होतात ना?” त्यांनी विचारले. “कुठे दिसत नाही.”

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. मग त्यांनी चहा आणायला आत हाक मारली आणि पान उलटले. पुढच्या पानावर दादींचा हात नातीच्या डोक्यावर होता.

ज्या मुलींना हे काम शिकायचे आहे त्यांनी जरूर यावे. शिकवायला आम्ही तयार आहोत, आणि जुना कॅमेरा सरावासाठी देऊही. येताना मात्र बांगड्या घरी ठेवून याव्यात. कपडे शिवणाऱ्या खालांचा पत्ता आम्ही देऊ.